सिंहगड, बहारीन आणि आत्याची अँटेना

टर्मच्या शेवटी ओरल घेताना मी थर्ड इयरच्या मुलांना एक प्रश्न हमखास विचारतो. "मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुण्याला ते थेट का दिसलं नाही?"

उत्तर ठरलेलं असतं. "सर, रेंज कमी पडते."

"किती कमी पडते? गणित करून दाखव."

मग विद्यार्थी कागद ओढतो, फॉर्म्युला मांडतो आणि दोन मिनिटांनी गोंधळून वर बघतो. कारण गणित म्हणतं, रेंज पुरते! मित्रांनो, हा लेख त्या दोन मिनिटांच्या गोंधळाबद्दल आहे. त्यात नारायण पेठेतला एक वाडा आहे, सिंहगड आहे, आणि अरबी आखातातला एक एवढासा देश आहे. या तिघांचा संबंध काय, ते हळूहळू कळेल. मेसच्या रांगेत उभे राहून वाचलात तरी चालेल.

आत्याचा वाडा

माझी आत्या नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून चार पावलांवर एका जुन्या वाड्यात राहायची. काका १९७९ मध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून बहारीनला गेले आणि १९९३ मध्ये कायमचे परत आले. मी लहानपणी सुट्टीत आत्याकडे असायचो. पाचवी-सहावीची दोन वर्षं तर तिच्याकडेच राहून शिकलो.

वाड्याच्या पत्र्यावर लोखंडी पाइपाला बांधलेली अँटेना होती. काका १९८५ च्या रजेत येताना बहारीनहून रंगीत टीव्ही घेऊन आले, तेव्हा तीही त्यांनीच स्वतःच्या हाताने बसवली. त्या काळी पेठेत कुठल्याही गच्चीवर उभे राहिलात तर एक मजेशीर गोष्ट दिसायची. शेकडो अँटेना, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, नैऋत्येकडे! नमस्कार केल्यासारखी. तिकडे सरळ रेषेत साधारण १९-२० किलोमीटरवर सिंहगड आहे आणि गडावर दूरदर्शनचा मनोरा. नवख्या माणसाला होकायंत्राशिवाय दिशा कळावी अशी सोय होती.

रेंज पुरते, तरी दिसत नाही

आता ते गणित करू. दोन अँटेनांची उंची मीटरमध्ये घेतली, तर त्यांच्यामधले जास्तीत जास्त अंतर किलोमीटरमध्ये असे निघते:

अंतर = ४.१२ × (√उंची१ + √उंची२)

यातला ४.१२ कुठून आला हेही बघू. नुसत्या भूमितीने हा आकडा ३.५७ येतो. पण हवा वर विरळ होत जाते, त्यामुळे लहर किंचित खाली वाकते आणि क्षितिजाच्या जरा पलीकडे पोहोचते. हा परिणाम धरण्यासाठी पृथ्वीची त्रिज्या ४/३ पट आहे असे मानतात. जर्नलमध्ये आपण हे सगळे उतरवून काढलेले असते. कुणाच्या जर्नलवरून, ते विचारत नाही.

वरळीचा मनोरा ३०० मीटरचा. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, वाड्याचे दहा मीटर धरून आत्याची अँटेना ५७० वर. आकडे टाका. √३०० म्हणजे १७.३, √५७० म्हणजे २३.९. बेरीज ४१.२, गुणिले ४.१२, उत्तर जवळजवळ १७० किलोमीटर. वरळी ते नारायण पेठ सरळ अंतर आहे १२० च्या आसपास. म्हणजे मुंबई आत्याकडे धो धो दिसायला हवी होती.

दिसत नव्हती, कारण फॉर्म्युल्यातली पृथ्वी बिलियर्डच्या चेंडूसारखी गुळगुळीत आहे. आपल्या पृथ्वीवर मध्ये सह्याद्री उभा आहे. वरळीच्या टोकापासून आत्याच्या पत्र्यापर्यंत रेघ ओढली आणि पृथ्वीचा फुगवटा वजा केला, तर लोणावळ्यापाशी ही रेघ समुद्रसपाटीपासून जेमतेम २४० मीटरवरून जाते. लोणावळा गावच ६२० मीटरच्या वर आहे. म्हणजे आपली रेघ डोंगराच्या पोटातून गेली! खंडाळ्याला रेल्वेने बोगदे काढले, टीव्हीच्या लहरींना ती सोय नाही.

म्हणून १९७३ मध्ये सिंहगडाची पाळी आली. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३१० मीटर, म्हणजे शहरापेक्षा ७५० मीटर उंच. मुंबईचा कार्यक्रम गडावर घ्यायचा आणि तिथून पुन्हा प्रक्षेपित करायचा. √७५० म्हणजे २७.४, गुणिले ४.१२, झाले ११३ किलोमीटर. वाटेत डोंगर येतील तिथे सावली पडेल, पण पुणे शहर तर गडाच्या पायाशीच पसरलेले. तानाजी मालुसऱ्यांनी ज्या कड्यासाठी जीव दिला, त्याच कड्याच्या उंचीवर तीनशे वर्षांनी 'गजरा' आणि 'छायागीत' पुण्यात उतरले. उंचीची किंमत लढणाऱ्यांना आधी कळते, इंजिनिअरांना नंतर.

त्याच वर्षी, समुद्रापलीकडे

१९७३ मध्येच बहारीनमध्येही टीव्ही सुरू झाला. देश स्वतंत्र होऊन दोनच वर्षं झाली होती. आकाराने बहारीन म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याचा साधारण विसावा हिस्सा. सगळा सपाट, सगळ्यात उंच टेकडी दीडशे मीटरही नाही. सिंहगडाच्या पायऱ्या चढताना आपण जिथे पहिल्यांदा ताक प्यायला थांबतो, तेवढीच म्हणा ना.

पण बहारीनच्या लोकांना टीव्ही काय चीज आहे हे १९७३ च्या खूप आधीपासून माहीत होतं. कारण पलीकडे सौदी अरेबियात धाहरान येथे अराम्को या तेल कंपनीने १९५७ मध्ये आपल्या लोकांसाठी टीव्ही स्टेशन काढलं होतं. धाहरान ते मनामा अंतर पन्नास किलोमीटरच्या आत, आणि मध्ये फक्त पाणी. समजा मनोरा ६० मीटरचा आणि घरावरची अँटेना १० मीटरवर: ४.१२ × (७.७ + ३.२), म्हणजे ४५ किलोमीटर. झालं की! इथे मात्र गुळगुळीत पृथ्वीचा फॉर्म्युला चपखल बसतो, कारण समुद्र खरोखरच गुळगुळीत आहे.

नंतर सौदी सरकारचा टीव्ही १९६५ मध्ये आला, कतारचा १९७० मध्ये. म्हणजे बहारीनने स्वतःचं स्टेशन काढलं, तेव्हा घरोघरी शेजाऱ्यांची स्टेशनं आधीच येऊन बसली होती. लहान देशाची ही गंमत आहे. तुम्ही मनोरा उभारला की तुमचा कार्यक्रम शेजाऱ्याकडे जातो आणि शेजाऱ्याचा तुमच्याकडे येतो. पासपोर्ट कुणी विचारत नाही. अडवायला सह्याद्री नाही.

त्यात आणखी एक भानगड. बहारीनचा रंगीत टीव्ही पाल पद्धतीचा, सौदी सरकारचा सेकाम, आणि अराम्कोचा अमेरिकन एनटीएससी. तीन शेजारी, तीन भाषा. म्हणून तिथे तिन्ही पद्धती समजणारे मल्टिसिस्टिम सेट विकले जायचे. काकांनी आणलेला तसाच होता. भारताने १९८२ मध्ये रंगीत प्रसारण सुरू करताना पाल निवडलं, म्हणून तो सेट नारायण पेठेत आल्या आल्या चालू झाला. अमेरिकेहून कुणी साधा सेट आणला असता, तर तो कपाटावर शोभेला ठेवावा लागला असता.

उन्हाळ्यातली जादू

काका रजेवर आले की सांगायचे, "अरे, आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री कुवेतसुद्धा दिसतं." कुवेत तिथून चारशे किलोमीटरच्या वर. मला वाटायचं, काका थापा मारतात. इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं, की माणूस खरं बोलत होता.

आखातात वाळवंटातली तापलेली कोरडी हवा समुद्रावर येते. खाली पाण्यालगत गार आणि दमट हवा, वर गरम आणि कोरडी. त्यामुळे हवेचा वक्रीभवनांक उंचीबरोबर झपाट्याने घटतो. नेहमी तो दर किलोमीटरला ४० एककांच्या आसपास घटतो. ही घट १५७ एककांच्या पुढे गेली, की लहर पृथ्वीपेक्षाही जास्त वाकते. वर जाते, खाली येते, पाण्यावरून उसळते, पुन्हा वर. दोन थरांच्या मधल्या नळीत सापडल्यासारखी ती शेकडो किलोमीटर पळते. याला डक्टिंग म्हणतात.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर दुसऱ्या महायुद्धातलं आहे. तेव्हा मुंबईत २०० मेगाहर्ट्झचं एक रडार होतं. उन्हाळ्यात त्याच्या पडद्यावर हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत. लहर जाऊन परत यायची! आणि २०० मेगाहर्ट्झ म्हणजे टीव्हीच्या बँड थ्रीच्या अगदी मध्यावर.

आता गंमत बघा. अरबस्तानातून लहर हजार मैल समुद्र ओलांडून मुंबईला येऊ शकते, पण मुंबईहून एकशेवीस किलोमीटरवरच्या पुण्याला येऊ शकत नाही. डक्ट समुद्रालगत असतो, आपण घाटावर. दूर-जवळ हे नकाशावर मोजायचं नसतं, लहरीच्या वाटेत काय आहे त्यावर मोजायचं असतं. ओरलला मला हेच उत्तर हवं असतं.

जानेवारी १९९१

आता जी गोष्ट सांगतो ती जर्नलमध्ये नाही.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं. १७ जानेवारी १९९१ ला आखाती युद्ध सुरू झालं. काका बहारीनमध्येच होते. त्या आठवड्यात फोन लागत नव्हता. वाड्यात फोन नव्हताच, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे होता आणि तिथे आत्या रोज दोनदा जाऊन यायची. बातमीचा एकच मार्ग, संध्याकाळच्या मराठी बातम्या आणि रात्रीच्या हिंदी. आत्या सव्वासहापासूनच टीव्हीसमोर बसायची. हातात निवडायचे तांदूळ, पण निवडत नसे.

मी अकरा वर्षांचा. संक्रांत नुकतीच झाली होती आणि पत्र्यावर कुणाचा तरी पतंग अडकला होता. मी वर चढलो. पतंग काढताना पाय सटकला आणि तोल सावरायला मी नेमका अँटेनाचा पाइप धरला. अँटेना फिरली.

खालून आत्याचा आवाज आला, "गेलं! अरे, गेलं!"

आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला "आलं का?" "आलं!" "गेलं!" हा खेळ माहीत आहे. एरवी त्यात मजा असायची. त्या दिवशी बातम्या चालू होत्या. मी पाइप डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. अंधारात सिंहगड दिसेना. अखेर खालून "आलं" ऐकू आलं, तोवर क्रिकेट चालू झालं होतं.

मी खाली उतरलो. आत्या म्हणाली, "बहारीनचं नाव घेतलं रे. पुढचं ऐकू नाही आलं." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. रात्रीच्या हिंदी बातम्यांत बहारीनचं नावच आलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही काही सापडलं नाही. तीन दिवसांनी वाण्याच्या पोऱ्याने वाड्यात येऊन हाक मारली, फोन आला होता. काका सुखरूप होते. पण ते तीन दिवस मी आत्याच्या नजरेला नजर दिली नाही.

फेब्रुवारीत काकांचं पत्र आलं. आत्याने मला वाचायला दिलं. युद्धाबद्दल फार नव्हतं. एक मजकूर मात्र मला अजून आठवतो. त्यांनी लिहिलं होतं, की इथे गच्चीवर मोटर लावलेली अँटेना आहे, बटण दाबलं की फिरते. मी रोज रात्री ती तीन दिशांना फिरवतो आणि बहारीन, सौदी, कतार अशा तिघांच्या इंग्रजी बातम्या बघतो. तिघे तीन तऱ्हेने सांगतात. जे तिघांत सारखं येतं तेवढं खरं धरतो आणि झोपतो. तुमच्याकडे एकच आहे, ती तरी नीट बांधा!

माझ्यासाठी हा सिग्नल प्रोसेसिंगचा पहिला धडा. एकाच संदेशाच्या तीन गोंगाटी प्रती मिळाल्या, तर खरा संदेश शोधता येतो. एकच प्रत असेल, तर गोंगाट कुठला आणि संदेश कुठला हे कळायला मार्ग नाही. बहारीनसारख्या सपाट, लहान देशाला शेजारी अडवता आले नाहीत, म्हणून तिथल्या माणसाला पडताळून बघता आलं. पुण्याला डोंगराने शेजारी दिले नाहीत. आम्हाला एक गड, एक मनोरा, एक आवाज. आणि तोही एका पोराच्या पायाने फिरला.

मग उंची ३६,००० किलोमीटर झाली

त्या युद्धानंतर आपल्याकडे चित्र पालटलं. हॉटेलांत सीएनएनच्या डिश लागल्या, गल्लीगल्लीत केबलवाले आले, १९९१ मध्येच स्टार टीव्ही आला. विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला पृथ्वीचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग दिसतो. त्याच्यापुढे सह्याद्री काय आणि सिंहगड काय! १ नोव्हेंबर १९९६ ला कतारने अल जझीरा सुरू केलं. कतार आपल्या पुणे जिल्ह्याहून लहान. पण उपग्रहामुळे एवढ्याशा देशाचा आवाज सगळ्या अरब जगात घुमू लागला. मनोऱ्याच्या काळात लहान देश फक्त शेजाऱ्यांना दिसायचा, उपग्रहाच्या काळात तो सगळ्यांना दिसू लागला.

आणि मनोरे? दूरदर्शनने जमिनीवरचे ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. मार्च २०२२ पर्यंत सीमाभागातले वगैरे थोडे सोडून बहुतेक सगळे शांत झाले. पेठेतल्या गच्च्यांवर ज्या काही अँटेना उरल्या आहेत, त्या अजून नैऋत्येकडेच बघतात. कावळे बसतात.

आज तुमच्या हातातल्या फोनवर तीन काय, तीनशे बातम्या येतात. पण मी हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये बघतो, प्रत्येकजण आपल्या आवडीच्या एकाच दिशेला तोंड करून बसलेला असतो. मोटर आहे, बटण आहे, फिरवत कुणी नाही. काकांनी जे फुकटच्या हवेत केलं, ते आपल्याला अनलिमिटेड डेटावर जमत नाही. एवढं एक वाक्य उपदेश म्हणून सोसून घ्या, रेक्टर आहे म्हणून लिहिलं.

आता लॅबमध्ये या

गेल्या वर्षी आत्याचा वाडा रिडेव्हलपमेंटला गेला. आत्या आता नाही. काका वयाने थकलेत, पण डोकं शाबूत आहे. सामान हलवताना भंगारवाला अँटेनाचं वजन करत होता, तेवढ्यात काका म्हणाले, "ती ह्याला द्या. ह्याने एकदा पाडली होती, आता सांभाळू दे." त्यांना ते माहीत होतं! आत्याने कधीतरी सांगितलं असणार.

ती अँटेना आता आपल्या कम्युनिकेशन लॅबच्या खिडकीपाशी ठेवली आहे. एक कांडी वाकलेली आहे, ती माझी कर्तबगारी. सरळ करू नये ही विनंती. येऊन पुढचे प्रश्न सोडवा:

१. घडी घातलेल्या डायपोलची लांबी पट्टीने मोजा. ती अर्ध्या तरंगलांबीच्या सुमारे ९५ टक्के असते. यावरून फ्रिक्वेन्सी काढा. ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास आली तर बँड थ्री, दोन मीटरच्या वर आली तर बँड वन. उत्तर मी सांगणार नाही.

२. मागची कांडी डायपोलपेक्षा थोडी लांब आणि पुढच्या थोड्या आखूड का असतात? यावरून अँटेनाचं तोंड कुठलं ते ओळखा. बरेचजण उलटं सांगतात.

३. टीव्हीच्या पडद्यावर एक ओळ रंगवायला ५२ मायक्रोसेकंद लागतात. पडदा ४० सेंटिमीटर रुंद आहे आणि मूळ चित्राच्या उजवीकडे एक सेंटिमीटरवर दुसरं पुसट चित्र, म्हणजे 'भूत', दिसतं. परावर्तित लहर किती जास्त अंतर चालून आली? (३९० मीटर यायला हवं. मग जवळपास अशी कुठली इमारत आहे ते शोधा.)

४. पाऊस नसलेल्या एखाद्या सकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर जा आणि सिंहगडावरचा मनोरा शोधा. गच्चीवर जायला रेक्टरची परवानगी लागते. मागितलीत तर मी देईन, आणि सोबत येईन.

मनोरा दिसला, की समजा तुमच्या आणि त्याच्या मध्ये काही आड येत नाही. ओरलला "लाइन ऑफ साइट म्हणजे काय" असं मी विचारलं, तर तेवढं सांगितलंत तरी पूर्ण मार्क.